पावसाळ्यात कुत्र्याच्या कातडीवर पुन्हा पुन्हा येणारी बुरशी: लक्षणे, तपासण्या आणि पशुवैद्याकडे जाण्याची वेळ

लक्षणे

पहिली खूण बहुधा नाकाला कळते. कुत्रा शेजारी येऊन बसला की ओल्या गोणपाटावर खवट तेल सांडल्यासारखा वास येतो, आणि आंघोळ घातली तरी दोन-तीन दिवसांत तो परततो. पाठोपाठ पंजे चाटणे सुरू होते. पंजा उलटा धरून बोटांच्या बेचक्या उघडून पाहिल्या तर आतली कातडी लालसर आणि हाताला चिकट लागते. फिकट रंगाच्या कुत्र्याचे तिथले केस लाळेने गंजल्यासारखे तांबूस झालेले असतात आणि नखांच्या मुळाशी तपकिरी, मेणासारखा थर साचलेला असतो. काखा, जांघा, गळपट्ट्याखालची जागा, ओठांच्या घड्या, शेपटीची खालची बाजू आणि कान हे भागही असेच तेलकट होतात आणि पिवळट-करडा कोंडा पडू लागतो. कानात गडद तपकिरी मळ साचतो आणि कुत्रा सतत मान झटकतो. महिनोन्‌महिने दुर्लक्ष झाले तर कातडी काळी, जाड आणि हत्तीच्या कातडीसारखी सुरकुतलेली होते.

हा मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टचा, म्हणजे एकपेशीय बुरशीचा संसर्ग. हे यीस्ट निरोगी कुत्र्याच्या कातडीवर आणि कानातही थोड्या प्रमाणात असतेच. ओल, तेलकटपणा किंवा ॲलर्जी यांमुळे कातडी कमजोर झाली की ते बेसुमार वाढते. कुत्र्यांवरच्या या जातीचे पूर्ण नाव मॅलॅसेझिया पॅकिडर्माटिस. १९२५ मध्ये तिचे पहिले वर्णन झाले ते कातडीची सालपटे निघत असलेल्या एका भारतीय गेंड्यावरून, आणि जुनाट आजारातल्या कुत्र्याची मान चिमटीत धरून पाहिली की गेंड्याच्या कातडीवरून पडलेले हे नाव फारच चपखल वाटते.

दुसरा प्रकार नायट्याचा, म्हणजेच गजकर्णाचा. त्याची बुरशी केसांत आणि कातडीच्या वरच्या थरात वाढते, त्यामुळे केस मुळापाशी तुटून टक्कल पडल्यासारखे चट्टे दिसतात. हे चट्टे बहुधा तोंडावर, कानांवर आणि पुढच्या पायांवर येतात. त्यांच्यावर राखेसारखा कोंडा असतो, खाज मात्र कधी कधी अजिबात नसते. यीस्टचा हा त्रास एका कुत्र्याकडून दुसऱ्याला किंवा माणसाला सहसा होत नाही. नायटा मात्र होतो. म्हणून या दोहोंतला फरक सुरुवातीलाच करणे आवश्यक आहे.

चिपळूणला आमच्या घरी चौदा वर्षे कुत्री आहेत, आणि आळीतली व रस्त्यावरची मिळून आणखी दहा-बारा कुत्री याच कारणासाठी आमच्या पडवीत येऊन राहिली आहेत. मी पशुवैद्य नाही. पुढे लिहिलेला क्रम बऱ्याच चुका करून, आणि त्या चुका पशुवैद्यांनी दाखवून दिल्यावर तयार झाला आहे.

बुरशीसारखे दिसणारे इतर आजार

गोल चट्टा दिसला की नायटा असे आपण गृहीत धरतो, आणि कुत्र्यांच्या बाबतीत हा समज पुष्कळदा चुकतो. कातडीवरच्या जिवाणूंच्या संसर्गात पुटकुळ्या फुटल्यावर कडेला सालपटाची गोल झालर राहते आणि ती हुबेहूब नायट्यासारखी दिसते. पिल्लाच्या डोळ्याभोवतीचे किंवा पुढच्या पायावरचे केस गेले असतील तर डेमोडेक्स या किडीची शक्यता धरावी लागते. कानांच्या कडा आणि कोपरे यांवर खपल्या असून कुत्रा रात्रभर खाजवत असेल तर ती बहुधा खरूज असते आणि ती घरातल्या माणसांनाही त्रास देते. हे सगळे आजार वेगळे आणि त्यांची औषधेही वेगळी. आमच्या मोतीच्या पोटावरच्या चट्ट्यांना मी पाच आठवडे बुरशीचे मलम लावत होते. शेवटी ते जिवाणू निघाले.

पहिली तपासणी: हात, नाक आणि एक पांढरा कागद

याला खर्च काहीच नाही. दिवसाच्या उजेडात कुत्र्याला आडवे झोपवून नाकापासून शेपटीपर्यंत बोटे फिरवावीत आणि कुठे ओलसर, कुठे तेलकट, कुठे केस विरळ आहेत ते एका कागदावर कुत्र्याचे ढोबळ चित्र काढून त्यावर खुणा करून ठेवावे. जागांवरून बरेच कळते: घड्यांमध्ये आणि बेचक्यांमध्ये त्रास असेल तर यीस्टकडे संशय जातो, शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवर असेल तर पिसवांकडे.

पिसवांची खात्री करायची तर ओल्या पांढऱ्या कागदावर कुत्र्याचे केस विंचरावेत. पडलेले काळे कण थोड्या वेळाने कडेने तांबडे विरघळू लागले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त आहे. एकही पिसू दिसली नाही तरी हा पुरावा पुरेसा आहे. पिसवांचा बंदोबस्त न करता बुरशीवर उपचार केले तर खाज चालूच राहते, खाजवून कातडी सोलवटते आणि त्या ओल्या कातडीवर यीस्ट पुन्हा वाढते.

याच वेळी स्वतःला एक प्रश्न विचारावा: आधी खाज सुरू झाली की आधी चट्टा दिसला? या प्रश्नाचे महत्त्व मला बंड्यामुळे कळले. बंड्या हा आमचा कॉकर स्पॅनियल. लोंबते कान आणि मुळात तेलकट कातडी, त्यामुळे यीस्टला तो फार सोयीचा. दर पावसाळ्यात त्याचे पंजे बिघडत आणि आम्ही पावसाला दोष देत असू. पशुवैद्यांच्या सांगण्यावरून मी तारखा वहीत लिहू लागले. तीन वर्षांच्या नोंदी एकाखाली एक ठेवल्यावर दिसले की वास जुलैत येत असला तरी पंजे चाटणे दर वर्षी मेच्या मध्यालाच, म्हणजे पावसाचा थेंबही पडण्याआधी सुरू होत होते. खाज आधी होती आणि बुरशी नंतर आली होती. मूळ दुखणे ॲलर्जीचे होते.

दुसरी तपासणी: ओल कुठून येते

कोकणात जून ते सप्टेंबर कुत्रा पूर्ण कोरडा ठेवणे अशक्य आहे, हे मान्य करूनच पुढचे वाचावे. तरीही तो किती वेळ ओला राहतो हे आपल्या हातात असते. बाहेरून आल्यावर पाठ पुसली जाते आणि पंजे, काखा व गळा राहून जातात. नेमक्या याच जागा बिघडतात. जुना सुती पंचा घेऊन प्रत्येक बेचकीत बोट घालून टिपावे, चोळू नये. बोटांमधले केस वाढले असतील तर बोथट टोकाच्या कात्रीने कमी करावेत. कापडी किंवा चामड्याचा पट्टा दिवसरात्र गळ्यात असेल तर तो घरात काढून ठेवावा, कारण भिजलेला पट्टा त्याखालची कातडी तासन्‌तास ओली ठेवतो.

अंथरूण हा हमखास निसटणारा मुद्दा आहे. पडवीतल्या ओल्या लादीवर टाकलेले गोणपाट खालून कधीच वाळत नाही. आम्ही लाकडी फळ्यांचा चार बोटे उंच पाट करून त्यावर दोन चादरी आलटून पालटून घालतो, आणि पावसात त्या उन्हाअभावी पंख्याखाली वाळवतो. एवढ्याच बदलाने आमच्या काळू या गावठी कुत्र्याच्या जांघेतला दरवर्षीचा त्रास थांबला. त्याला दुसरे कोणतेही औषध लागले नाही. बंड्याच्या बाबतीत असे झाले नाही. कारण पुढे येईल.

तिसरी तपासणी: आपण आतापर्यंत काय काय लावले

इथे प्रामाणिकपणे यादी करावी आणि मग बहुतेक गोष्टी बंद कराव्यात. मॅलॅसेझिया स्निग्धांशावर पोसले जाते, त्यामुळे तेलकट, वास येणाऱ्या कातडीवर खोबरेल किंवा कडुनिंबाचे तेल चोळणे म्हणजे त्याला खाद्य देणे होय. हळदीचा लेप कुत्रा चाटून टाकतो आणि उरलेला भाग ओल धरून ठेवतो. टी ट्री तेल कुत्र्यांना विषारी ठरू शकते. रस्त्यावरच्या कुत्र्यांना गाडीचे जळके ऑइल किंवा रॉकेल फासण्याची पद्धत अजून दिसते; त्याने कातडी भाजते आणि चाटल्यावर पोटात जाऊन विषबाधा होते. फिनाइल आणि घरातली जंतुनाशके कातडीवर ओतण्याचा प्रकारही याच जातीचा.

सर्वात जास्त फसवणूक मात्र माणसांच्या मिश्र मलमांनी होते. ‘नायट्याचे मलम’ म्हणून औषधांच्या दुकानात सहज मिळणाऱ्या कित्येक ट्यूबांमध्ये बुरशीनाशकाबरोबर क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड असते. लावल्यावर तीन-चार दिवसांत लाली जाते, खाज थांबते आणि आपल्याला विजय मिळाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात स्टेरॉइडने केवळ दाह दाबलेला असतो, तिथली प्रतिकारशक्ती मंदावते आणि बुरशी पसरत जाते. काळूच्या मानेवर मी अशी एक ट्यूब लावली होती. रुपयाएवढा चट्टा आठवड्यात दिसेनासा झाला आणि तीन आठवड्यांनी तळहाताएवढा होऊन परत आला. शिवाय स्टेरॉइडमुळे चट्ट्याचे मूळ रूप बदलते, त्यामुळे पुढे पशुवैद्यांनाही निदान अवघड जाते. असे काही लावले असेल तर ती ट्यूब सोबत नेऊन दाखवावी, लपवू नये.

चौथी तपासणी: शाम्पू योग्य रीतीने वापरला जातो का

नायट्याचा संशय असेल, म्हणजे केस तुटलेले कोरडे चट्टे असतील किंवा घरात कोणाच्या अंगावर गोल चट्टा उठला असेल, तर ही पायरी सोडून थेट पाचवीकडे जावे. त्रास नुकता सुरू झाला असेल, कातडी फाटलेली नसेल आणि कुत्रा एरवी ठणठणीत असेल तर मात्र औषधी शाम्पूने सुरुवात करता येते.

यीस्टसाठी सर्वात चांगला पुरावा असलेला शाम्पू म्हणजे दोन टक्के क्लोरहेक्सिडिन आणि दोन टक्के मायकोनॅझोल यांचा; तो आठवड्यातून दोनदा, किमान तीन आठवडे वापरायचा असतो. ‘शाम्पूने काही उपयोग झाला नाही’ असे सांगणाऱ्या बहुतेकांच्या घरी मी विचारले तेव्हा दोष शाम्पूचा नव्हता. फेस अंगावर दहा मिनिटे राहिला पाहिजे, आणि बहुतेक लोक दोन मिनिटांत धुऊन टाकतात. दहा मिनिटे फार मोठी असतात: कुत्रा थरथरतो, अंग झटकून फेस भिंतीवर उडवतो आणि दाराकडे पाहत राहतो. आम्ही मोबाइलवर गजर लावतो आणि तेवढा वेळ एकेका पंजाच्या बेचक्यांत फेस चोळत बसतो. शेवटच्या दोन मिनिटांसाठी उकडलेल्या रताळ्याचे तुकडे राखून ठेवलेले असतात.

पाणी कोमट असावे. गरम पाण्याने खाज वाढते. फेस डोळ्यांत आणि कानांच्या नळीत जाऊ देऊ नये, कारण क्लोरहेक्सिडिन डोळ्याच्या बुबुळाला इजा करते आणि पडदा फाटलेला असेल तर आतल्या कानालाही. नंतर भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे. अर्धवट ओला सोडलेला कुत्रा म्हणजे सगळ्या मेहनतीवर पाणी, अगदी शब्दशः. वास गेला म्हणून दुसऱ्या आठवड्यात थांबणे ही दुसरी नेहमीची चूक. तीन आठवड्यांत फरक दिसला नाही तर शाम्पूचा ब्रँड बदलत बसू नये. निदानच तपासून घ्यावे.

पाचवी तपासणी: सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते

कोणतीही गोळी सुरू करण्याआधी ही पायरी व्हायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे. कातडीवर पारदर्शक चिकटपट्टी दाबून किंवा काचपट्टी टेकवून घेतलेला नमुना रंगवून पाहणे हे दवाखान्यात थोड्या वेळात होणारे काम आहे. पशुवैद्यांनी मला एकदा बंड्याच्या पंजाची काचपट्टी दाखवली. कंबरेत आवळलेल्या भुईमुगाच्या शेंगेसारख्या जांभळ्या पेशी सगळीकडे विखुरल्या होत्या, आणि त्यांच्याजवळ बारीक ठिपक्यांसारखे जिवाणूही होते. दोन्ही एकत्र असणे फार सामान्य आहे, आणि एकावरच उपचार केले तर दुसरे शिल्लक राहते. किडींसाठी पातीने कातडी खरवडून वेगळा नमुना घ्यावा लागतो. डेमोडेक्ससाठी तो खोलवर, रक्त किंचित दिसेपर्यंत घेतात. ते पाहून घाबरण्याचे कारण नाही.

नायट्यासाठी वूडचा दिवा, म्हणजे अतिनील प्रकाश देणारा दिवा वापरतात. त्याच्या प्रकाशात मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीने ग्रासलेले केस मुळाशी हिरव्या सफरचंदासारखे चमकतात. मात्र मातीतून येणारी मायक्रोस्पोरम जिप्सियम आणि उंदीर-घुशींकडून येणारी ट्रायकोफायटन या चमकत नाहीत. म्हणून चमक नाही याचा अर्थ नायटा नाही असा होत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त जांभळ्या टॉर्चखाली तर धूळ, कोंडा आणि मलम सगळेच निळसर चमकते, तेव्हा तो खर्च टाळावा. पक्के निदान केसांच्या कल्चरने, म्हणजे प्रयोगशाळेत केसांवरची बुरशी वाढवून पाहून होते आणि त्याला दोन ते तीन आठवडे लागतात. जवळच्या दवाखान्यात सोय नसेल तर परळचे किंवा शिरवळचे पशुवैद्यक महाविद्यालय अशा ठिकाणी विचारून पाहावे.

गोळ्या म्हणजे इट्राकोनॅझोल किंवा किटोकोनॅझोल. दोन्हींमुळे यकृतावर ताण येऊ शकतो, उलट्या होऊ शकतात आणि भूक जाऊ शकते. मात्रा वजनावर ठरते आणि कधी कधी मध्ये रक्त तपासावे लागते. एक धोका फारसा कोणी सांगत नाही: खरजेसाठी आयव्हरमेक्टिन चालू असताना किटोकोनॅझोल दिले तर आयव्हरमेक्टिनचा मेंदूवर होणारा विषारी परिणाम वाढू शकतो. एका दवाखान्यातून इंजेक्शन आणि दुसऱ्याकडून गोळ्या असे करणाऱ्यांनी दोन्हीकडे सगळी औषधे सांगावीत.

नायटा निघाला तर घराचे काय

मायक्रोस्पोरम कॅनिसचे बीजाणू गळलेल्या केसांवर महिनोन्‌महिने जिवंत राहू शकतात. म्हणून गालिचा नसलेल्या एकाच खोलीत कुत्र्याला ठेवून रोज केस झाडून वा व्हॅक्यूमने काढावेत, फरशी साबणाच्या पाण्याने पुसावी आणि मगच जंतुनाशक वापरावे. केस व धूळ तशीच असेल तर जंतुनाशकाचा प्रभाव पडत नाही. ब्लीच वापरायचे तर पातळ करून फक्त फरशीवर, आणि ते शौचालयाच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. घरात मांजर असेल, विशेषतः पर्शियन, तर तिच्या अंगावर काहीही दिसत नसले तरी तिची तपासणी करावी. चट्टे भरून केस आले म्हणजे संपले असे नाही. कल्चर स्वच्छ येईपर्यंत उपचार चालतात.

सहावी तपासणी: मूळ आजार

ही सर्वात लांब आणि खर्चिक पायरी. काचपट्टीवर यीस्ट सापडले, उपचाराने गेले आणि दीड-दोन महिन्यांत परत आले, असे दुसऱ्यांदा घडले की आत काहीतरी आहे असे धरून चालावे. तरुण कुत्र्यात, म्हणजे सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू झालेली खाज बहुधा ॲलर्जीची असते. वय झालेल्या कुत्र्यात पहिल्यांदाच असा त्रास झाला तर संप्रेरकांकडे पाहावे: वजन वाढणे, सुस्ती आणि शेपटीचे केस जाणे हे थायरॉइड मंदावल्याचे, तर खूप पाणी पिणे, पोट लोंबणे आणि कातडी पातळ होणे हे कुशिंग आजाराचे, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त झाल्याचे लक्षण असू शकते. थायरॉइडचा केवळ एक आकडा कमी आला म्हणून निदान होत नाही, कारण इतर आजारांतही तो खाली जातो.

अन्नाची ॲलर्जी रक्ताच्या चाचणीने भरवशाने कळत नाही. त्यासाठी कुत्र्याने आजवर न खाल्लेले एकच प्रथिन किमान आठ आठवडे, पशुवैद्यांनी ठरवून दिल्याप्रमाणे द्यावे लागते. आमच्याकडे हा प्रयोग दोनदा फसला, कारण सासूबाई चहाबरोबर बंड्याला बिस्किटाचा तुकडा देत असत आणि ‘एवढ्याशाने काय होते’ असे म्हणत. तिसऱ्यांदा तो पूर्ण झाला तेव्हा कळले की बंड्याला अन्नाची ॲलर्जी नाही, हवेतल्या आणि घरातल्या कणांची आहे. आता त्याची खाजेची गोळी मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते, शाम्पू जूनपासून आठवड्यातून एकदा असतो, आणि गेली दोन वर्षे बुरशीची गोळी द्यावी लागलेली नाही. वास अधूनमधून येतो.

घरचे उपाय कुठे थांबवावेत

पुढील परिस्थितीत वरची एकही पायरी स्वतः करत बसू नये, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांकडे जावे. कातडीतून पू किंवा रक्त येत असेल, गाठी उठून फुटत असतील, ताप असेल किंवा कुत्र्याने अन्न सोडले असेल. मान एका बाजूला कलली असेल किंवा चालताना तोल जात असेल, कारण तेव्हा त्रास आतल्या कानापर्यंत पोहोचलेला असू शकतो आणि कानात कोणतेही थेंब टाकणे धोक्याचे ठरते. चट्टे डोळ्यांच्या अगदी जवळ असतील. पिल्लू लहान असेल किंवा कुत्री गाभण असेल. घरात केमोथेरपी घेणारी, अवयवरोपण झालेली व्यक्ती किंवा नवजात बाळ असेल तर नायट्याच्या संशयावर थांबू नये. बाळ मुदतपूर्व जन्मलेले असेल तर यीस्ट असलेल्या कुत्र्याला हात लावल्यावर हात साबणाने धुऊनच बाळाला घ्यावे. माणसाच्या अंगावर चट्टा उठला तर त्याने त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि घरात कुत्रा असल्याचे सांगावे.

अशी तातडी नसेल तर दवाखान्यात जाण्याआधी तीन-चार दिवस आंघोळ घालू नये, कान पुसू नयेत आणि मलम लावू नये, नाहीतर काचपट्टीवर काहीच सापडत नाही. लावलेल्या औषधांच्या ट्यूबा, शाम्पूची बाटली आणि तारखांची वही सोबत न्यावी.